चंपाआत्या काय म्हणाली

मच्छीमार नगर, कफ परेड
५ ऑक्टोबर २०२५

ती. चंपाआत्येस मानसीचा नमस्कार.

तू बरी असशील, वैशाली आणि मुलंही मजेत असतील. फोन तू उचलत नाहीस. वैशाली उचलते आणि "आई झोपलीय" म्हणते. सकाळी अकराला तू झोपलेली, संध्याकाळी सहालाही झोपलेली. लेकीकडे शिवडीला जाऊन एवढी झोप लागत असेल तर एकदा डॉक्टरला दाखव. म्हणून हे पत्र बाबांच्या हाती देतेय. ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात, पण बहिणीला पत्र पोचवायला तयार झाले.

इकडे बोटी चालू झाल्यात. बोंबील बरा येतोय, पण पाऊस काही हलत नाही, त्यामुळे सुकवायला अजून कोणी घेतलेलं नाही. वस्तीतल्या बायकांना काही विचारलं की एकच उत्तर, "चंपाला इचार." सुक्या मासळीच्या कोठीची किल्ली तू कमरेला खोचून घेऊन गेलीस. कुलूप तोडू म्हटलं तर एकीनेही हात लावला नाही.

तू रागावलीस, मान्य. पण मलाही राग येतो की नाही? सहा महिने त्या संस्थेच्या फॉर्मशी मीच डोकं फोडत होते, ऑफिसातून आल्यावर, चहासुद्धा न घेता. मूळ रहिवाशांनी स्वतः चालवलेल्या अन्नप्रकल्पांना अनुदान, आणि मूळ रहिवासी असल्याचा पुरावा काय मागितला, तर लाइटचं बिल. इथे किती वर्षं राहता, या रकान्यात दोनच आकडे मावत होते. मी ९९ टाकलं. एका पानावर परंपरा जपा, दुसऱ्या पानावर यात नवीन काय ते सांगा. आपण करतो काय? पावसाआधी सगळ्या घरांनी मिळून मासळी सुकवायची, प्रत्येकीने एक वाटा कोठीत टाकायचा, आणि बोटी बंद असताना ज्या घरात कमावणारं कोणी नाही तिथे तो द्यायचा. झालं. तेच त्यांना चौदा पानांत हवं होतं. प्रकल्पप्रमुख म्हणून तुझं नाव घातलं, समन्वयक म्हणून माझं. पहिल्या हप्त्यातून डबे आणि ताडपत्री आली तेव्हा पेढे तूच वाटलेस ना?

मग जुलैत अहवालाचा फॉर्म आला. या तिमाहीत मासे सुकवतानाचे फोटो जोडा, आणि आमची माणसं पाहणीला येतील. भर पावसात. त्यांच्या दादरच्या ऑफिसात अवनी म्हणून मुलगी आहे, तशी चांगली आहे, तिला फोन करून सांगितलं की बाई गं, या दिवसांत बोटीच बंद असतात. ती म्हणाली, "हो मॅम, पण फॉर्मॅटमध्ये तिमाही बदलता येत नाही." आता यावर काय बोलणार? दुसरा हप्ता अडकला तर सुकवायच्या ओट्यावर पत्रा पडणार नाही, कोठीची भिंत तशीच गळत राहणार, आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या हिरामावशीने काय खायचं? म्हणून बाजारातून तयार सुके बोंबील आणले आणि ताडपत्रीखाली बांबूवर टांगले. तुला नवं हिरवं लुगडं नेसायला लावून बाजूला बसवलं आणि बजावलं, तू काही बोलू नकोस. ते बोंबील नंतर हिरामावशीने तीन पाण्यांतून धुतले तरी वाळू लागत होती, हे मला अजून रोज ऐकवलं जातं.

त्या विकतच्या बोंबलांवरून तू रागावून गेलीस असं सगळे समजतात. मीही तेच सांगत आले. बाबांनासुद्धा.

तसं नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही.

पाहणीला आलेल्या अवनीच्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, मासे सुकायला किती दिवस लागतात. मी तुला मराठीत विचारलं. तू म्हणालीस, "पावसात कोन सुकवतंय गो? ह्ये बाजारचं हाय. आमचं सगलं वाटून झालं, बावीस घरं जेवली त्याच्यावर. डबे रिकामे हायेत, चल, दाखवते त्यांना." आणि किल्ली हातात घेतलीस. मी साहेबांकडे वळून इंग्रजीत सांगितलं, या म्हणतायत, चार दिवस लागतात.

त्यांनी लिहून घेतलं. तू माझ्याकडे पाहिलंस, किल्ली परत खोचलीस आणि उठून गेलीस.

कुलाब्याच्या इमारतींतून चाळीस वर्षं मासळीची पाटी घेऊन फिरलेल्या बाईला एवढं इंग्रजी कळणार नाही, असं मी धरून चालले. त्याची मला फार लाज वाटते, आत्या. आणि रिकामे डबे मी लपवले कशासाठी? डबे रिकामे झाले म्हणजे लोक जेवले. दाखवण्यासारखं आपल्याकडे तेच होतं. आई गेल्यावर तूच मला इंग्रजी शाळेत घातलंस, आपलं म्हणणं सायबाला सांगणारं घरात कोणीतरी हवं म्हणून. पहिल्यांदा सांगायची वेळ आली तेव्हा मी तुझं म्हणणं गिळून टाकलं.

काल बाबांना खरं सांगितलं. ते ताट बाजूला सारून उठले.

गेल्या आठवड्यात अवनीलाही सगळं कळवलं. तू काय बोललीस ते तुझ्याच शब्दांत, मराठीत लिहिलं. उत्तर आलं, तेही तीन पानी. दुसरा हप्ता थांबवलाय. पण शेवटचा निर्णय घेण्याआधी त्यांना प्रकल्पप्रमुखाशी, म्हणजे तुझ्याशी, बोलायचंय. गुरुवारी सकाळी अकराला इथे येतायत. अट एकच, दुभाषा त्यांचा असेल, मानसी तिथे नको. वाचून आधी डोकंच फिरलं. चौदा पानं कोणी भरली होती? मग वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं.

तर गुरुवारी ये. हप्ता मिळेल असं सांगत नाही, मिळणार नाही असंच मला वाटतं, आणि बायकांना ते मीच तोंडाने सांगणार आहे. पण तुझं म्हणणं तुझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत एकदा जाऊ दे. माझ्याबद्दल विचारलं तर तेही खरं सांग, मला सांभाळून घेऊ नकोस. मी बाहेर थांबेन. आत काय बोललीस ते मला नंतर सांगितलं नाहीस तरी चालेल.

समन्वयक म्हणून माझं नाव मी काढून घेतलंय. भाची म्हणून ठेवायचं की नाही, ते तू ठरव.

मानसी