आपल्या घराण्याचं नाक आणि कॅमेरॉन

ती. हिराआत्यास,

कुरवंड्याहून तुझ्या भाचीचा, अनिताचा, वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? राग उतरला का, हे विचारत नाही. वराळ्याहून येणारा प्रत्येक जण न विचारताच सांगतो.

तर झालं असं. आपला निलेश पर्यटकांना बंगला भाड्यानं देतो, तिथं गेल्या वर्षी स्कॉटलंडचा एक पाहुणा दोन दिवस राहिला. पिठल्याची ताटली चाटूनपुसून साफ केली आणि जाताना कौतुकाच्या चार ओळी लिहून गेला. त्याचं नाव कॅमेरॉन. तेव्हाच निलेशनं ठरवलं, मुलगा झाला तर हेच नाव. (चार ओळींत हा भाऊ विरघळतो. आपण आयुष्यभर बोललो ते पाण्यात.) तू ऐकलंस आणि म्हणालीस, "असलं नाव ठेवायचं असंल तर मी उंबरा चढायची न्हाई." त्यावर तुझ्या भावानं, आपल्या आबांनी, जाहीर केलं, "हिरी न्हाई तर मी बी न्हाई," आणि ते गोठ्यात बाज टाकून बसलेत. (म्हैस तरी त्यांचं ऐकून घेते.)

पण नाव कानात सांगायचा मान माझा, बाळाची आत्या मी. अर्थ माहीत नसलेलं नाव पोराच्या कानात कसं सांगू? म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत व्हिडिओ कॉलवर त्या पाहुण्यालाच विचारलं. तो हसला आणि त्यानं स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. तिकडच्या जुन्या डोंगरी बोलीत म्हणे या नावाचा अर्थ 'वाकडं नाक'. कुणा पूर्वजाचं तसं होतं, म्हणून अख्खं घराणं त्या नावानं मिरवतं.

आत्या, आता जरा आरशात बघ. तुझं नाक, आबांचं नाक, माझं नाक. (माझी दोन स्थळं त्यापायीच परत गेली, तेव्हा तूच म्हणाली होतीस, "नाक वाकडं हाय, नजर न्हाई.") आणि बाळाचंही हुबेहूब तेच, डावीकडे वळलेलं. आपल्या नागफणीच्या सुळक्यात गोऱ्यांना त्यांच्या सरदाराचं नाक दिसलं आणि ते डोंगराला खुशाल त्या नाकाचं नाव ठेवून गेले. आता त्यांचं एक नाव आपल्या नाकावर बसतंय, तर बसू दे की.

रविवारी बारसं आहे.

तुझ्याच नाकाची,
अनिता

ता. क. : पाळण्याखालून बाळ घ्यायला समोर तूच हवीस. आबांना गोठ्यातून उठवायलाही.

आणखी एक : निलेशला अर्थ ठाऊक नाही. पत्रिकेवर त्यानं 'शूर सेनापती' छापलंय. (फोटोत कायम एकाच बाजूनं उभा राहणारा तोच हा निलेश.) भर बारशात त्याला खरा अर्थ सांगायचा मान तुझ्यासाठी राखून ठेवलाय. तो मान फोनवर मिळणार नाही.