मुडपलेला कान

प्रिय ठकू,

तुझं पत्र पोचलं. औषधांनी केस गेले, भुवया गेल्या, आरशात परग्रहावरचं कुणीतरी दिसतं, तेव्हा दादा, तू बघायला येऊ नकोस, असं लिहिलंयस. वाचून तुझा रागच आला. परग्रहवाल्यांबद्दल तू मला सांगतेस होय गं? सिनेमासाठी मुखवटे करण्यात माझी तीस वर्षं गेली!

परवा एका शाळेने चित्रस्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय, परग्रहावरचा पाहुणा. चाळीस पोरं, चाळीस चित्रं, आणि जवळजवळ सगळ्यांत तेच ध्यान: तुळतुळीत डोकं, बशीएवढे डोळे, काडीसारखी मान. माझाच मुखवटा! ज्या सिनेमासाठी तो केला, तो त्यातल्या एकानेही पाहिलेला नाही. पण तो चेहरा वह्यांवर आला, टी-शर्टवर आला, बिस्किटांच्या पुड्यांवर आला आणि पोरांच्या डोक्यात घर करून बसला. एका मुलीने तेवढा आठ पायांचा ढग काढला होता, तिला बक्षीस दिलं. तर त्यांच्या बाई म्हणतात, हा काही खरा वाटत नाही. आता बोला!

आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर तर शपथेवर सांगतात की त्यांनी गच्चीत असा एक परग्रहवाला प्रत्यक्ष पाहिला. त्याचा डावा कान मुडपलेला होता म्हणे. मी कसंबसं हसू दाबलं. माझ्या मुखवट्याचा तो कान साचा काढताना रबर दुमडल्यामुळे तसा झाला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय.

खोटं सांगत आलोय. दिग्दर्शकाला कुणीच न पाहिलेला चेहरा हवा होता. तीन दिवस मातीसमोर बसलो, काही म्हणता काही सुचेना. मग हात आपोआप चालायला लागले. तू आठ वर्षांची, त्या मोठ्या तापातून उठलेली, डोक्याचा गोटा, तोंडावर नुसते डोळे उरलेले. दोन महिने मी तुझ्या उशाशी बसून तेच बघत होतो. तो कान तुझा आहे, ठकू, जन्मापासून मुडपलेला. जग त्या चेहऱ्याला घाबरलं, पण माझ्यासाठी तो तू वाचलीस तेव्हाचा चेहरा आहे. त्याहून लाडका चेहरा मला दुसरा नाही. तू रागावशील म्हणून इतकी वर्षं बोललो नाही. शनिवारी दुपारी येतोय. दार तूच उघड, आणि टोपीबिपी घालू नकोस.

तुझाच,
दादा