वाकडं कोपर

४ फेब्रुवारी
पुन्हा त्या खुर्चीत! छातीवरून दोन पट्टे, कमरेला एक, आणि डावा हात सासूबाईंच्या ताब्यात. यंत्राला हे नाव मीच ठेवलंय — काही करा, खोट काढणारच. पडद्यावर चेंडू येतो, हात सरळ लांब करून त्याला शिवायचं. मी हात उचलायला गेले की कोपर आपोआप वाकतं. जन्मताना माझा खांदा अडकला, ओढून काढलं, मानेतल्या नसा तुटल्या आणि जुळताना भलतीकडेच जुळल्या. कोपर वाकलं रे वाकलं की सासूबाई धरून सरळ करतात. पुढे झुकावं तर पट्टे. पाठ खाजवायची तरी फिजिओला हाक मारा!

आई काचेपलीकडे बसून बघते. चेंडूला हात लागला की तिचा चेहरा असा काही खुलतो — त्या चेहऱ्याला ‘पुरे’ कसं म्हणू?

९ फेब्रुवारी
‘पुरे’ म्हणायचं ठरवून गेले. म्हटलं नाही.

१७ फेब्रुवारी
फिजिओ खूश. कोपर आता मध्ये लुडबुड करत नाही म्हणे. घरी आल्या आल्या आईनं मावशीला फोन लावला — निकामी हात जागा झाला! निकामी. लहानपणापासून घरात हाच शब्द. मी साधी बरणी उघडायला घेतली तरी आई धावत येऊन काढून घेते.

२० फेब्रुवारी
कामावर, फोटोफ्रेमच्या दुकानात, माझ्या हातून फ्रेम पडली. मोठी, काच घातलेली. काचेचा चुरा.

मी फ्रेम डाव्या कोपराच्या बेचक्यात धरते. हात जरा उचलला की कोपर स्वतःच आवळतं, फ्रेम घट्ट बसते, मग उजव्या हातानं मागचे खिळे ठोकायचे. आजवर एकही फ्रेम सुटली नव्हती. आज हात उचलला आणि कोपर — सरळ! सासूबाईंनी शिकवलं तस्सं.

मालक ओरडले नाहीत. झाडू आणून दिला आणि हळूच म्हणाले, “आधी बरी होतीस गं.”

मागच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

२२ फेब्रुवारी
आणखी एक पडली. मालकांनी मला गल्ल्यावर बसवलंय. पुढच्या महिन्यात खिळे ठोकायला दुसरा माणूस बघतो म्हणाले. मग मला कशाला ठेवतील?

२३ फेब्रुवारी
फिजिओला सांगितलं. ती म्हणाली, जुनी सवय मोडतेय, चांगलंच आहे. सवय! माझं पोट चालतं त्यावर, बाई!

आईला काय सांगू? दवाखान्यात पोचायला आपण उशीर केला म्हणून पोरीचा हात गेला, हे तिच्या डोक्यातून जन्मात गेलं नाही. थांबले तर ती खचणार. चालू ठेवलं तर नोकरी जाणार. आणि मी आपली पट्ट्यांत बांधलेली. वैताग आलाय नुसता.

२६ फेब्रुवारी
दुकान बंद करताना आई आली. याआधी कधी आत आली नव्हती. मी एक रिकामी फ्रेम कोपरात धरून बघत होते. घसरत होती, पुन्हा लावत होते. मी या हातानं फ्रेम कशी पक्की धरायचे, ते मालकांनीच तिला सांगितलं.

“म्हणजे हा हात चालत होता?”

हो म्हटलं.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून, आई.”

ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.