पुण्याचं हवामान

संघर्ष,

कापूस घेऊन नेरच्या बाजारात चाललो. तू झोपला होता, म्हणून उठवलं नाही. भाकरी टोपल्यात हाय, भाजी झाकून ठेवली हाय. तुही गाडी दुपारची, मी तोवर येत नाही.

काल तू कंप्युटरवरचं जुनं ब्राउझर काढून दुसरं टाकलं. ते आपलं सगळं पाहून ठेवते म्हणला, अन् साऱ्या दुनियेत त्या एकाच कंपनीचं चालते. पटलं मले. बाजारात घेणारा एकटाच असला का काय होते, ते मले नको सांगू.

पण तू पुण्याले गेला तवापासून तुही माय रोज सकाळी त्याच्यावर पुण्याचं हवामान पाहे. पोराकडं पाणी हाय का ऊन, म्हणून. ती गेल्यावर मी नुसता 'प' दाबला का पुढचं ते आपोआप लिहे. तेवढं पाहून मंग मी वावरात जात होतो.

आज दाबला. काहीच आलं नाही.

जुनं परत बसवता आलं तं बसवून जाय. पाहू दे त्याले काय पाहाचं ते. नाही जमलं तं पुण्यात पोचल्यावर पाणी हाय का ऊन, तेवढं फोन करून सांगजो.

बाबा