फोटोतून पुसलेली लाली

३ नोव्हेंबर

पुण्यात नोकरी लागली! यवतमाळला आईला फोन केला, तर तिने आधी विचारलं, कालेजचं काय रे बाप्पा. मी फोन ठेवून दिला. शनिवार पेठेत दत्तोबांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची स्थळं बघताना लागणारे फोटो इथे निघतात. माझं काम कॉम्प्युटरवर चेहरे साफ करायचं. मुरूम, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. दत्तोबा म्हणाले, "इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलंत. आमच्याकडे निदान तिसरा दिवस गाठा." असा राग आला! पण काउंटरवरची शेफाली फिसकन हसली आणि राग कुठे गेला ते कळलंच नाही.

८ नोव्हेंबर

इथली एक पद्धत भारी आहे. सकाळी शटर उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकाआधी शेफालीला स्टुलावर बसवून आमचा फोटोग्राफर चेतन एक फोटो काढतो. फक्त लाइट जमलाय का बघायला. मग मी तो डिलीट करायचा. मी करत नाही. 'प्रिंटर सेटिंग' नावाचं एक फोल्डर केलंय, त्यात तारखेनुसार ठेवतो. लिहितानाही लाज वाटते. पण ठेवतो.

२० डिसेंबर

तिच्या नाकावरून दोन्ही गालांवर लाली येते. फुलपाखराने पंख पसरावेत तशी. मी समोर असलो की येतेच. आता एखादी मुलगी याहून स्पष्ट काय सांगणार?

ती लाली पुसून आज तिला तिचा फोटो पाठवला. खूश झाली. विचारत होती, किती साफ केलास. मी म्हणालो, हातसुद्धा लावला नाही, तू आहेसच अशी. लगेच स्टेटसला ठेवला. लाली जगाला कशाला दाखवू? ती माझी आहे.

११ जानेवारी

रविवार. चेतनची गाडी मागून घेतली आणि शेफालीला खडकवासल्याला नेलं. मुद्दाम भर दुपारी, कारण उन्हात तिचे गाल असे भरून येतात की बघत राहावं. ती सारखी सावलीत जाऊ म्हणत होती. बोटांचे सांधे दुखतात, हल्ली कशानेही दमायला होतं, वगैरे. मी चिडलो. माझ्यासोबत तासभर बसवत नाही का, असं बोललो. मग ती गप्प बसून राहिली. उन्हात. दोन तास.

३ फेब्रुवारी

चेतनशी मारामारी. तो तिला म्हणाला, तुझा चेहरा सुजतोय, हे डाग साधे वाटत नाहीत, डॉक्टरला दाखव. हा तिच्याकडे इतकं निरखून बघतोच कशाला? कॉलर धरली. दत्तोबा मध्ये पडले. "अहो हीरो, हा स्टुडिओ आहे, तालीम नाही."

शेफालीने मोबाइल काढून चेतनसमोर धरला. म्हणाली, आरशात दिसतं रे, पण फोटोत काही नसतं बघ. म्हणजे फार नसणार.

मी तिथेच उभा होतो. बोललो नाही.

२३ फेब्रुवारी

तिची आई, कौशल्याकाकू, तिला पेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. काकूंनी पंधरा दिवसांपूर्वीचा, मीच साफ करून पाठवलेला फोटो दाखवला. स्वच्छ. मधे तिने नवं क्रीम लावलं होतं. मग क्रीमची ॲलर्जी ठरली, मलम मिळालं. हे सगळं ती हसत सांगत होती. पापण्या सुजलेल्या. सॅन्डलचा पट्टा पायात रुतलेला.

सांगायला हवं होतं. उद्या सांगतो.

२७ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

फोल्डर उघडलं. सगळे फोटो एकापाठोपाठ एक चालवले. नोव्हेंबर कोरा. डिसेंबरात नाकावर डाग. मग पंख. मग कान, गळा. १२ जानेवारी, म्हणजे खडकवासल्याच्या दुसऱ्या दिवशी, भाजल्यासारखं.

आणि मी चार दिवस गावाला गेलो होतो, ते फोटो. कॅमेऱ्यातून नंतर घेतले होते. मी नव्हतोच तिथे. तरी लाल. उलट जास्तच—

माझ्यासाठी नव्हती ती.

६ मार्च

काउंटरवर तिला श्वास घेता येईना. हॉस्पिटल. किडन्या, म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतलं दुखणं कातडीवर आधीच उमटलेलं असणार, एवढं पंधरा दिवसांत होत नाही, जुने फोटो आहेत का? काकूंनी दाखवले. माझेच. सगळे स्वच्छ.

मी दाराशी. ते फोल्डर घेतलेला पेनड्राइव्ह खिशात.

निघून आलो.

७ मार्च

चेतनने विचारलं, मूळ फोटो ठेवलेस का? नाही म्हणालो. लाज त्या फोल्डरची, की—

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, तू होतास म्हणून पोरीचे चांगले फोटो तरी आहेत.

९ मार्च

दिला. पेनड्राइव्ह डॉक्टरीणबाईंना दिला. त्या एकेक फोटो पुढे करत गेल्या. काकूही वाकून बघू लागल्या.

मागे शेफाली. तपासणीहून आणत होते, व्हीलचेअरवर. चेहरा ओळखू येईना. ती बघत होती. सगळे बघितले. बारा जानेवारी आला तेव्हा तिने गालाला बोट लावलं.

मग माझ्याकडे वळली. एवढंच विचारलं, तुला दिसत होतं?

मी हो म्हणालो. म्हणालो, पण मला वाटलं, तू मला बघून—