थॉर्न आणि लॅमलीचा चमचा

रेडमंड, १३ मार्च २००५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी भाची दहा महिन्यांची झाली, चार दात आलेत. माझ्या संग्रहातल्या चांदीच्या चमच्यानं प्रीताचं उष्टावण केलं म्हणून तू मला वेड्यात काढलं होतंस. आता दुसऱ्या चमच्यानं ती जेवतच नाही. जेवण झालं की तोच चावत बसते. कडेला चार पोचे पडलेत.

थॉर्न आणि लॅमली हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले भागीदार. थॉर्न चांदी ठोकायचा, लॅमली तिच्यावर नेचाची पानं कोरायचा आणि दांड्यामागे दोघं आपली अक्षरं एकाच ठशात उमटवायचे. आमच्या जुनी चांदी जमवणाऱ्यांच्या क्लबमधले एक म्हातारे गृहस्थ पोचे पाहून हळहळले, आता हा कोणी कलेक्टर घेणार नाही म्हणाले. मी म्हटलं, विकायचाय कुणाला.

वीणा नमस्कार सांगते. तुझा लोभ आहे तसाच राहू दे.

श्रीरंग

प्लेनो, २ एप्रिल २००५

चि. श्रीरंगास,
अ. उ. आ.

लोक अमेरिकेत येऊन दर दोन वर्षांनी गाडी बदलतात, तू परक्यांचे उष्टे चमचे जमव. पोच्यांची काळजी करू नकोस. पुण्याचा आपला सोनार ते बसल्या बसल्या काढतो. प्रीताला मऊ भात देत जा, पाव नको. पोरीची दृष्ट काढा.

तुम्हा तिघांवर जीव असलेली,
ताई

रेडमंड, १८ डिसेंबर २००५

ताई,

प्रीताला जाऊन पाच आठवडे झाले. तू होतीस तोवर घरात निदान कुणी बोलत होतं. तीन दिवसांच्या तापात मूल जातं, हे वीणाला अजून पटत नाही. मलाही नाही.

चांदीचं कपाट दिसलं तरी ती दुसऱ्या खोलीत जाते. म्हणून सगळा संग्रह पेटीत भरून तुझ्याकडे पाठवतोय. प्रीताचा चमचा अगदी वर, तिच्या टोपड्यात गुंडाळलाय. सांभाळ.

श्रीरंग

रेडमंड, २० ऑगस्ट २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मला हे बोलता येणार नाही म्हणून लिहितोय. काल वीणानं नऊ महिन्यांनी पहिल्यांदा आपणहून प्रीताचं नाव घेतलं. तिला तो चमचा हवाय, बाकी काही नको. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं नाही ते यानं होईल असं मला वाटतंय. लगेच पाठव.

श्रीरंग

प्लेनो, ३ सप्टेंबर २००६

चि. श्रीरंग, चि. सौ. वीणा,
अ. उ. आ.

चमचा सोबत आहे. जूनमध्ये पुण्याला गेले तेव्हा तुम्हाला न सांगता सोनाराकडे नेला होता. ते पोचे पाहून माझाच जीव कासावीस व्हायचा, मग तुमचं काय होईल, असं मनात आलं. त्यानं सगळे काढले आणि पॉलिश करून दिलं. बोट फिरवलं तरी कळत नाही. टोपडंही धुऊन इस्त्री करून ठेवलंय.

दोघं जेवत जा. मी आहे.

ताई

रेडमंड, १२ सप्टेंबर २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चमचा मिळाला. दोन दिवस तुझा फार राग आला, म्हणून लिहिलं नाही. तू मायेनंच केलंस, हे मला कळतं.

वीणानं पाकीट उघडलं, तुझं पत्र न वाचताच माझ्या हातात दिलं आणि चमच्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग दिव्याखाली धरून पाहिला. दांड्यामागे थॉर्न आणि लॅमलीची अक्षरं जशीच्या तशी आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या दोघांची खूण राहिली, आमच्या पोरीची गेली.

तिनं मला विचारलं की ताईंनी चुकून दुसराच चमचा पाठवलाय का. मी हो म्हणालो आणि तुझं पत्र लपवून ठेवलं.

आता ती रोज टपालपेटी बघून येते. तिचा तुला फोन येईल. पेटीत शोधतेय, एवढंच सांग. लोभ कमी करू नकोस.

श्रीरंग