साहेबांचे तीस श्वास

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली, उरलेली तीन प्रत्यक्ष भेटीत.) तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि दाजींचा स्वभाव, तिघांनाही उतार पडला असेल अशी आशा आहे. दाजी अजून माझी ओळख 'सिलेंडरवाला' अशीच करून देतात का? त्यांना सांग, रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणजे ज्याला श्वास घेता येत नाही त्याला तो मिळवून देणारा माणूस, आणि तो आता संघटनेचा अध्यक्ष झाला आहे. निवड एकमताने झाली. अख्ख्या शहरात मिळून सभासद पाच. त्यातले दोघे ड्यूटीवर होते, ते फोनवर घाईत "बरं, बरं" म्हणाले, तेच मत धरलं.

अध्यक्षाचं पहिलं काम म्हणजे आमच्या इस्पितळाच्या मोठ्या साहेबांकडे दुसरा माणूस मागणं. एका पाळीला, तीन मजल्यांत मिळून, मी एकटा. मागे एकदा पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरची श्वास देणारी यंत्रं एकदम कोकलली. मी तिसऱ्यावर धावलो, आणि पहिल्यावरच्या नर्सबाई अकरा मिनिटं हाताने फुगा दाबून एका आजोबांना श्वास देत राहिल्या. आजोबा वाचले. पण वर जाऊ की खाली, म्हणून जिन्यात मी क्षणभर थांबलो होतो ना ताई, ते अजून दर वेळी जिना चढताना आठवतं.

म्हणून भाषण पाठ केलं. (घरी दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसतो, दुसरीवर धुतलेले कपडे. भाषण त्यांनाच ऐकवलं.) साहेबांनी विचारलं, "बोला, काय अडचण?" आणि माझं लक्ष गेलं त्यांच्या गळ्याकडे. दर श्वासाला तिथे खळगा पडत होता. झालं, सवय आडवी आली. तुला माहीत नसेल, श्वास उघडपणे मोजता येत नाहीत. मोजतोय म्हटलं की माणूस फोटोला बसल्यासारखा श्वास घेतो. म्हणून आम्ही नाडी बघायच्या मिषाने मनगट धरतो आणि गुपचूप छातीकडे बघतो, पूर्ण एक मिनिट, तोंड बंद ठेवून. (स्वतःचे मात्र असे मोजता येत नाहीत, स्वतःला फसवणार कसं? मी करून बघितलंय.) मी साहेबांचं मनगट धरलं. आता माझी खोड अशी की दर श्वासाला माझी मान हलते. इकडे साहेब विचारताहेत, एका माणसात भागतंय ना? मान हलली. मग विषय मिटला म्हणायचा? हलली. मिनिट संपल्यावर मी म्हणालो, "साहेब, तीस!" ते उडालेच. "तीस माणसं? आत्ता तर एकात भागतं म्हणालात!"

मिनिटाला तीस श्वास म्हणजे धडधाकट माणसाच्या जवळजवळ दुप्पट. न्यूमोनिया निघाला. साहेब चार दिवस माझ्याच तिसऱ्या मजल्यावर भरती होते. एका दुपारी त्यांनी घंटा वाजवली तेव्हा मी पहिल्यावर अडकलो होतो, पोचायला अकरा मिनिटं लागली. बरे होऊन खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मला लेखी समज दिली, उशिरा पोचल्याबद्दल. वेळेत ओळखलं याबद्दल अवाक्षर नाही. कागद घरी आणला. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून समोरच्या खुर्चीतल्या कपड्यांवर ठेवला.

बाकी सगळं ठीक. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
अध्यक्ष (बिनविरोध)

ता.क. त्या कागदाच्या तळाशी एक ओळ होती, ती मी रागात वाचलीच नव्हती. 'असा उशीर टाळण्यासाठी प्रत्येक पाळीला दुसरा माणूस नेमावा.' नऊ वर्षांच्या अर्जांनी झालं नाही, ते माझ्याविरुद्धच्या एका तक्रारीने झालं. नवीन बाई रुजू होऊन महिना झाला. जिन्यात आता थांबावं लागत नाही.

ता.क. दुसरा. मागे माणूस आहे, त्यामुळे नऊ वर्षांत पहिल्यांदा चार दिवसांची रजा मिळाली आहे. कुठे जायचं म्हणून विचार केला तर एकच पत्ता आठवला. फोनवर तू दर वेळी "ये रे एकदा" म्हणतेस. ते सवयीने म्हणतेस की खरंच, एवढंच विचारायला हे सगळं लिहिलं.

ता.क. शेवटचा. आलो की माझं मनगट धर. नाडी बघतेयस असं दाखव, मोजू नकोस काही. तू विचारशील, "एकट्याचं भागतंय ना रे?" आणि माझी मान हलेल. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.